लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आणि सहा लाख रुपये

प्रश्न : मी ४७ वर्षांची, चिंचवडला राहते, आयटीत नोकरी करते. आईबाबा मिरजेला असतात. बाबा ७६ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पेन्शन महिना ३६ हजार. आई ७१ वर्षांची, तिने कधी नोकरी केली नाही. येत्या मे महिन्यात त्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतील. मी चार लाख आणि धाकट्या भावाने दोन, असे सहा लाख आम्ही बाजूला काढले आहेत. १९९७ साली माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी आईने तिच्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या होत्या. त्या तिला परत द्यायच्या हे माझ्या मनात कित्येक वर्षं आहे. सराफाने घडणावळीसकट साडेपाच लाखांचा अंदाज दिला आहे. नवऱ्याचं म्हणणं, दोघांना युरोप दाखवू. भाऊ म्हणतो, सोनं नुसतं पडून राहील, बाबांच्या नावावर एफडी करू. आईला विचारलं तर म्हणते, "काही नको, तुम्ही सगळे या म्हणजे झालं." (बाबांना हल्ली कमी ऐकू येतं आणि टीव्हीच्या आवाजावरून दोघांची रोज वाजते, त्यामुळे सरप्राईज लपवणं तरी सोपं आहे!) काय करावं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय आणि पुढे उद्गारचिन्ह दिलंय. तिकडे येतोच. आधी भावाच्या एफडीचं बघू, कारण तीन पर्यायांत तीच सगळ्यात समजूतदार वाटते आणि मला तीच सगळ्यात कमी पटते.

तुमचे बाबा आयुष्यभर मास्तरकी केलेले. अशा माणसाच्या नावावर सहा लाखांची एफडी केली की काय होतं ते मी अनेक घरांत पाहिलंय. ते व्याज काढत नाहीत. मुदत संपली की पुन्हा मुदत, व्याज मुद्दलात. पावती कपाटातल्या त्या एका पिशवीत. आणि वीस वर्षांनी ती पिशवी उघडून तुम्ही दोघं भावंडं त्या पैशांची वाटणी करता. म्हणजे बाबांना दिलेली एफडी ही फिरून स्वतःलाच दिलेली एफडी. त्यात गैर काही नाही, पण तिला भेट म्हणू नका.

जाता जाता एक काम मात्र करा. पुढच्या वेळी मिरजेला जाल तेव्हा बाबांच्या आत्ताच्या ठेवी कुठे आहेत ते बघा. अर्धा-पाऊण टक्का जास्त मिळतो म्हणून आपल्याकडे निवृत्त मंडळींची बरीच पुंजी गावातल्या पतसंस्थेत असते. बँक बुडाली, अगदी सहकारी बँक असली तरी, ठेवीदाराला दर बँकेमागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. पाटी बँकेसारखी असते, काउंटर बँकेसारखा असतो, म्हणून हा फरक लोकांच्या लक्षातच येत नाही. वारस नोंदणी झालीय का, तेही त्याच बैठकीत तपासा.

आता युरोप. मी टूरच्या विरोधात नाही. पण दहा दिवसांत चार-पाच देश म्हणजे रोज सकाळी सात वाजता बॅगा खोलीबाहेर, दिवसभर बस आणि संध्याकाळी दगडी रस्त्यांवरून चालणं. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना एकत्र चालणाऱ्या व्हिसासाठी, किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा सक्तीचा आहे. तो ७६ व्या वर्षी महाग पडतो आणि आधीपासूनच्या दुखण्यांवर बहुतेक पॉलिसींमध्ये फारसं काही मिळत नाही. पण खरा प्रश्न वेगळाच आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास राज्यभर मोफत आहे आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. म्हणजे गेलं वर्षभर तुमचे बाबा फुकट आणि आई अर्ध्या पैशांत पंढरपूर, गणपतीपुळे, कुठेही जाऊ शकत होती. किती वेळा गेले? विचारा त्यांना. सारखे गेले असतील तर फिरायची हौस आहे आणि युरोपचा विचार करायला हरकत नाही. एकदाही गेले नसतील, तर युरोप ही जावयांची इच्छा आहे.

पाटल्यांबद्दल तुम्हाला वाटत असेल की हा आर्थिक नियोजनवाला आता सोनं कसं अनुत्पादक वगैरे ऐकवणार. नाही ऐकवणार. गुंतवणूक म्हणून तुम्ही त्या घेतच नाही आहात. १९९७ साली तोळा पाच हजारांच्या आत होता, म्हणजे चार तोळ्यांचे मोड वजा जाता फार तर अठरा-एकोणीस हजार आले असतील आणि त्यावर तुमची आजची नोकरी उभी आहे. हे देणं आहे आणि ते फेडावंसं वाटणं मला शंभर टक्के कळतं.

फक्त ते चार तोळ्यांनीच फिटेल असं नाही. साडेपाच लाखांचा हिशेब जरा सोडवून पाहू. घडणावळ १२ टक्के धरली आणि वर ३ टक्के जीएसटी, तर सोन्याची किंमत साधारण पावणेपाच लाख आणि उरलेले सत्तर-पंचाहत्तर हजार दुकानातच राहतात. तेही चालेल एक वेळ. पण ७१ वर्षांच्या, बहुतेक वेळ दोघंच घरात असलेल्या बाईच्या हातात चार तोळे रोज राहणार आहेत का? तुम्हीच तिला फोन करून सांगाल, बाजारात जाताना काढून ठेव. मग त्या लॉकरमध्ये. (लॉकरमधलं चोरीला गेलं किंवा आगीत गेलं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते, हेही लक्षात असू द्या. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख.) वर्षातून दोन लग्नांना बाहेर येतील. आणि मला अनुभवाने वाटतं, दुसऱ्याच वर्षी ती म्हणेल, "एक तुझी, एक सुनेची, आत्ताच घेऊन जा." मग परतफेड कसली झाली?

म्हणून माझं मत : दोन मिळून तोळाभराच्या बांगड्या घ्या, रोज हातात राहतील अशा. सराफाने सांगितलेल्याच भावाने त्या एक लाख ३७-३८ हजारांपर्यंत बसतील. हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक दागिन्यावर आणि बिलावर दोन्हीकडे बघून घ्या. चार तोळ्यांपेक्षा या तोळ्याची तिला जास्त सोबत होईल.

आता कंसातलं वाक्य.

बाबांना ऐकू येत नाही, ही या घरातली सगळ्यात मोठी अडचण आहे आणि तिच्यावर कुणीच पैसे खर्च करत नाहीये. कारण ती पैशांची अडचण वाटत नाही, भांडण वाटतं. ऐकू न येणारा माणूस हळूहळू फोन घेणं सोडतो, मग लग्नाकार्याला जाणं सोडतो, मग बायको काही बोलली की हो-हो करतो. पन्नास वर्षं एकत्र काढलेल्या दोघांमधलं बोलणं त्या टीव्हीच्या आवाजाखाली बंद पडत चाललंय. त्यावर पाटल्या किंवा युरोप काय करणार?

मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात कान-नाक-घसा तज्ज्ञ शोधावा लागत नाही. आधी डॉक्टरांना दाखवा. कधी कधी नुसता मळ निघतो आणि दोनशे रुपयांत प्रश्न सुटतो. नसेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजणारी तपासणी, करून घ्या आणि मगच यंत्र. दोन्ही कानांची डिजिटल यंत्रं चाळीस हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत मिळतात. घरात आणि देवळात बोलणं ऐकू यावं एवढीच गरज असलेल्या माणसाला ८०-९० हजारांच्या पुढे जायचं कारण सहसा नसतं. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. आरोग्य विमाही बहुधा हा खर्च देत नाही, म्हणजे घरातल्याच कुणीतरी करायचा. ऑनलाइन मागवू नका. जिथून घ्याल तिथे पहिल्या दोन-तीन महिन्यांत चार वेळा जुळवणी करून घ्यावी लागते, म्हणून दुकान मिरज-सांगलीतलंच हवं, पुण्यातलं नको. आणि सुरुवातीला बाबा म्हणतील, "मला चांगलं ऐकू येतं, हीच पुटपुटते." ते गृहीत धरा. यंत्र ड्रॉवरमध्ये जाऊ द्यायचं नसेल तर पहिले सहा आठवडे भावाने किंवा तुम्ही रोज व्हिडिओ कॉल करा.

(भेटवस्तूंच्या बाबतीत मी स्वतः काही शहाणा नाही. माझ्या वडिलांना मी रक्तदाब मोजायचं यंत्र दिलं होतं. ते दिवसातून नऊ वेळा मोजायचे आणि नवव्यांदा वाढलेला दिसला की मला फोन करायचे. शेवटी आईने सेल काढून ठेवले.)

राहिलेल्यातले तीन लाख मी आईला देईन. बाबांना नाही, आईला. त्याचं कारण थोडं कठोर आहे, पण माझ्या धंद्यात ते बोलावं लागतं. बाबांच्या माघारी आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, पण ते आजच्या पेन्शनच्या साधारण ६० टक्के, म्हणजे ३६ हजारांचे २१-२२ हजार होतील. घरखर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. शिवाय आज तिच्या हातात स्वतःचे असे किती पैसे असतात? बाबा चांगले असतील, मागेल ते देतही असतील, तरी मागावं लागतंच.

तीन लाख तिच्या नावावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. पोस्टात किंवा बँकेत खातं उघडता येतं. एप्रिल २०२३ मध्ये या योजनेचा दर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला दराचा आढावा घेतं, पण खातं उघडताना जो असेल तो मुदतीची पाचही वर्षं कायम राहतो. ८.२ ने तीन लाखांवर वर्षाला २४,६०० रुपये होतात. या योजनेत व्याज मुद्दलात साचत नाही, दर तीन महिन्यांनी ६,१५० रुपये बचत खात्यात येऊन पडतात. बहुतेक गुंतवणूकदारांना हा तोटा वाटतो. तुमच्या आईच्या बाबतीत मला तोच फायदा वाटतो, कारण साठवून ठेवायचं म्हटलं तरी तिला पुन्हा वेगळे कष्ट घ्यावे लागतील. व्याज जमा होणारं खातं मात्र तिच्या एकटीचं हवं आणि एटीएम कार्ड तिच्या पर्समध्ये.

पैसे आधी तिच्या बचत खात्यात बँकेतून पाठवा आणि तिथून चेकने योजनेत भरा. एका लाखावरची रक्कम या योजनेत रोखीने घेतच नाहीत. आईवडिलांना मुलांनी दिलेल्या पैशांवर कर नाही आणि त्यावरचं व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जात नाही. नवऱ्याने बायकोला दिलं की धरलं जातं, म्हणून लोकांचा इथे गोंधळ होतो. आईला दुसरं उत्पन्न नाही, तेव्हा तिलाही कर बसणार नाही. तुम्हाला स्वतःला या ठेवीची कुठलीही करसवलत मिळणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका. संयुक्त खातं या योजनेत फक्त नवरा-बायकोचं होतं. तुम्ही आणि भाऊ, दोघांचीही नावं वारस म्हणून लावा. तुमचे चार आणि त्याचे दोन, हा हिशेब तिथे आणू नका.

हिशेब मांडला तर तीन लाख योजनेत, बांगड्या एक लाख ३८, श्रवणयंत्रं ९० हजारांपर्यंत. उरतात ७० हजारांच्या आसपास. ते घराच्या न्हाणीघरात घाला. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मिरजेतलं घर जुनं असेल तर उंबरा, गुळगुळीत फरशी आणि भारतीय पद्धतीचा संडास यांपैकी एक तरी असणारच. खडबडीत फरशी, कमोड आणि भिंतीला धरायला दोन दांडे, एवढं त्यात बसतं. हे भावावर सोपवा. त्याला एफडी नाकारल्याचं वाईट वाटलं असेल, त्याच्याकडे काहीतरी ठोस काम असू दे.

आरोग्य विम्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून थोडक्यात. ७६ व्या वर्षी नवी पॉलिसी मिळू शकते, २०२४ पासून वयाची अट उठली आहे, पण हप्ता फार जड असतो आणि जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. या सहा लाखांतून ती घेऊ नका. मात्र सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. दोघांत मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार त्यात होतात. आधार कार्ड लागतं, पैसे लागत नाहीत. कार्ड काढलं की मिरजेतली कुठली रुग्णालयं यादीत आहेत ते लिहून फ्रिजवर लावा.

सरप्राईजचं काय, हा तुमचा शेवटचा मुद्दा. योजनेच्या अर्जावर आईची सही लागते आणि कानाची तपासणी बाबांना न सांगता करता येत नाही, तेव्हा ते दोन्ही आधीच सांगून टाका. कानाचं काम मार्चमध्ये सुरू केलंत तर मेपर्यंत यंत्राची सवय होईल. न्हाणीघराचं कामही पाहुणे यायच्या महिनाभर आधी संपायला हवं. सरप्राईज बांगड्यांचं ठेवा. त्यासाठी तिच्या रोजच्या हातातली एक बांगडी कसलंतरी निमित्त काढून मापाला न्या. वयाबरोबर बोटांची पेरं जाड होतात आणि १९९७ चं माप आता चढणार नाही.