‘स्युर ली’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा अशी आहे : म्युस्कादे या फ्रेंच पांढऱ्या वाइनवरच्या मजकुराचं मराठी करताना लेबलावरचे ‘स्युर ली’ हे शब्द ‘गाळावर ठेवलेली’ असे उतरवले तर चालतील का? आणि ‘ड्राय’, ‘क्रिस्प’, ‘पेअरिंग’ यांचं काय करायचं?

‘गाळ’ नको. गाळ विहिरीचा, धरणाचा, गटाराचा. तो उपसून टाकायचा असतो. खाली उरणाऱ्या गोष्टींना मराठीत वेगवेगळी नावं आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पिळून उरतो तो चोथा, लोणी कढवून उरते ती बेरी, आणि पातळ पदार्थ न हलवता ठेवला की तळाशी बसतो तो साका. फ्रेंच ‘ली’ म्हणजे नेमका हा साका. द्राक्षाच्या रसातली साखर संपली की यीस्टच्या पेशी मरतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. (साली-बियांचा चोथा वेगळा, त्याला फ्रेंचमध्येही ‘मार’ असा स्वतंत्र शब्द आहे.)

‘ठेवलेली’ही मला पटत नाही. म्युस्कादे होते ल्वार नदीच्या मुखाकडे, नांत शहराच्या आसपास. तिचं द्राक्ष ‘मलों द बुर्गोन्य’, म्हणजे मूळ बर्गंडी या फ्रेंच प्रांताचं. १७०९च्या जीवघेण्या हिवाळ्यात नांतकडच्या वेली गेल्या आणि त्यानंतर थंडीला दाद न देणाऱ्या या जातीची लागवड वाढली. या द्राक्षाला स्वतःचा असा मोठा सुगंध नाही. नावामुळे मस्कत या सुगंधी द्राक्षाची आठवण होते, पण दोन्हींचा संबंध नाही. जे काही अंग येतं ते बरंचसं साक्यामुळे. नवी वाइन दुसऱ्या भांड्यात न काढता हिवाळाभर त्याच साक्यावर राहते आणि तिथूनच बाटलीत जाते. दरम्यान मेलेल्या पेशी हळूहळू फुटून विरघळतात, वाइन थोडी भरीव होते, तिला पावाच्या कणकेचा हलका वास येतो. भांडं न बदलल्यामुळे थोडा कार्बन डायऑक्साइडही आत राहतो आणि जिभेच्या टोकाला बारीकशी चुणचुण जाणवते. नुसत्या ठेवण्याने एवढं होत नाही, मुरण्याने होतं. म्हणून ‘साक्यावर मुरलेली’. लोणचं खाणाऱ्या माणसाला हे क्रियापद समजावून सांगावं लागत नाही.

‘ड्राय’ला ‘कोरडी’ म्हणणारे फ्रेंच ‘सेक’चा आधार देतात, कारण त्याचाही अर्थ कोरडा. पण मराठीत कोरडं म्हणजे ज्यात ओल नाही ते. कोरडी भाकरी, कोरडा खोकला, घशाला पडलेली कोरड. प्यायच्या गोष्टीला ते विशेषण लावलं की वाचक अडखळतो. इथे मुद्दा ओलीचा नाही, साखरेचा आहे : युरोपीय नियमाप्रमाणे लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असली की साधी, बिनफेसाची वाइन ड्राय, आम्लता पुरेशी असेल तर ९ ग्रॅमपर्यंत. ‘अगोड’ म्हणा, नाहीतर सरळ ‘ड्राय’ ठेवा. नाशिकच्या बाटल्या घेणाऱ्यांना तो कळतो. शॅम्पेनच्या बाटलीवरचा ‘सेक’ मात्र चक्क गोडसर असतो, लिटरला १७ ते ३२ ग्रॅम. तिथे ‘कोरडी’ लिहिलं तर अर्थच उलटा होईल.

‘क्रिस्प’चं ‘कुरकुरीत’ करू नका, ती चकली नाही. त्या शब्दात आंबटपणाची धार सांगायची असते. आंबूस म्हटलं की विटल्याचा संशय येतो, आंबटढाण म्हटलं की तोंड वाकडं होतं; ‘लिंबासारखी स्वच्छ आंबट’ एवढं पुरे. ही वाइन चाखताना हिरवं सफरचंद, लिंबाची साल आणि किंचित खारेपणा सांगतात. त्या खारेपणाला ‘खारट’ जास्त होतं, ‘मचूळ’ तर पाण्याची तक्रार. ‘खारसर’ बरोबर बसतो.

आता ‘पेअरिंग’, म्हणजे कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन. बारमधला ‘चखणा’ इथे उलटा पडतो, कारण चखण्यात खाणं पेयाच्या दिमतीला असतं. नांतकडे मान कालवांचा. कच्ची कालवं, शिंपले आणि ल्वारमधल्या माशांवर घालायचा ‘बर ब्लां’ (बारीक कांद्यासारखा शॅलट व्हिनेगरमध्ये, कधी म्युस्कादेमध्येच, आटवून त्यात लोणी फेटत केलेला सॉस) हे मुख्य, आणि वाइन त्याच्या सोबतीला. तिचा आंबटपणा कालवावर पिळलेल्या लिंबाचं काम करतो आणि लोण्याचा तवंग कापतो. म्हणजे खरं तर म्युस्कादे हेच तोंडीलावणं! मथळ्यात ‘कशाबरोबर प्यावी’पेक्षा ‘कशाला तोंडी लावावी’ जास्त नेमकं होईल, थोडं खट्याळ वाटलं तरी. लेखात गोव्याच्या शिनाण्यांची किंवा तिसऱ्यांची भर घालणार असाल, तर सुक्या खोबऱ्याच्या, लाल मिरचीच्या वाटणातल्या घेऊ नका, त्यात ही हलकी वाइन हरवते. आलं-लसणावर वाफवून लिंबू पिळलेल्या चालतील.

एक शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही तरी. ‘चिल्ड’साठी ‘थंडगार’ लिहू नका. ती ८ ते १० अंशांवर प्यायची असते, फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवल्यावर. नुसतं ‘गार’ लिहा.