वाचकांचे प्रश्न : माळ ओसाड असतो का?

प्रश्न : आमच्या गावच्या गायरानावर ग्रामपंचायतीने पाच हजार झाडे लावायचे ठरवले आहे. मेंढपाळांचा त्याला विरोध आहे. जंगल किंवा तळे ही परिसंस्था असते हे समजते. पण जिथे कुसळांखेरीज काही दिसत नाही, त्या माळाला परिसंस्था कसे म्हणावे? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : ‘परिसंस्था’ ही संकल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सले यांनी 1935 साली मांडली, आणि तिच्यात झाडांची अट कुठेही नाही. एखाद्या ठिकाणचे सजीव, तिथली माती, पाणी, हवा, ऊन आणि या सर्वांमध्ये अखंड चालणारी देवाणघेवाण मिळून परिसंस्था होते. आपल्या माळावर ही देवाणघेवाण पाहायची असेल तर वाळू लागलेला शेणाचा एखादा पो उलटून पाहावा. खाली शेणकिड्यांनी पोखरलेली भोके दिसतील, कडेने वाळवीने मातीचे पापुद्रे चढवलेले असतील. पवना आणि मारवेल उन्हाच्या बळावर अन्न तयार करतात, मेंढरे आणि काळविटे ते खातात, आणि त्यांच्या शेणलेंड्या हे विघटक पुन्हा मातीत मिसळतात. तेच खत पुढच्या पावसात गवताला मिळते.

गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून चरल्यावर किंवा वणव्यानंतरही ते पुन्हा फुटते. मात्र दाट सावली त्याला सोसत नाही. वनीकरणात सर्रास लावल्या जाणाऱ्या गिरिपुष्पाची गर्दी झाली की खालचे गवत विरळ होते आणि त्यावर जगणारे सगळेच अडचणीत येतात. डोंबारी चंडोल गवताच्या बुडाशी, खळगीत अंडी घालतो. त्याच्या शेजारी झाड उभे राहिले म्हणजे कावळ्याला टेहळणीची जागा मिळाली. माळढोक तर मोकळ्या माळाचाच पक्षी. त्याच्यासाठी आपल्याच जिल्ह्यात नान्नज परिसरात 1979 साली अभयारण्य घोषित झाले, तरीही आज तिथे त्याचे दर्शन जवळजवळ दुर्मीळच झाले आहे. सरकारी नोंदींत अशा जमिनींना ‘पडीक’ म्हणण्याची जी सवय आहे, ती मला अत्यंत घातक वाटते, कारण त्या एका शब्दामुळे माळ कोणत्याही कामासाठी मोकळा समजला जातो.

प्रश्न : माळावर मेंढ्या शेकड्यांनी असतात, मग लांडगे इतके थोडे का? (त्याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

उत्तर : अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर ऊर्जा घटत जाते. प्राणी जे खातो त्यातले बरेचसे हालचालीत, श्वसनात आणि शरीर उबदार ठेवण्यात खर्च होते. पुढच्या पायरीपर्यंत ढोबळमानाने दहावा हिस्साच पोहोचतो. अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांनी 1942 साली तळ्याच्या अभ्यासातून ऊर्जेचा हा प्रवास मांडला. गवतात साठलेल्या हजार एकक ऊर्जेतून तृणभक्षकांच्या अंगी सुमारे शंभर आणि लांडग्याच्या अंगी सुमारे दहा एकक लागते. म्हणूनच लांडग्यांच्या एका कळपाला फार मोठा माळ लागतो, आणि माळाचे तुकडे झाले की सर्वांत आधी तोच दिसेनासा होतो.

प्रश्न : मग झाडे लावायचीच नाहीत का?

उत्तर : जरूर लावावीत, ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, गावठाणात. माळावर मुळातच विखुरलेली बोर, बाभूळ, हिवर असतील तर ती राखावीत. कार्बन साठवण्यासाठी माळावर झाडे हवीत, असे कोणी म्हटले, तर बहुवार्षिक गवते आपल्या मुळांवाटे जमिनीत कार्बन साठवतात आणि वणव्यात वरचे पाते जळाले तरी त्यातला बराचसा साठा मातीत राहतो, हे त्यांना सांगावे. खड्डे खणण्यापूर्वी मेंढपाळांना ग्रामसभेत बोलवावे, आणि भाद्रपदात त्यांच्याबरोबर गायरान पायी फिरून कोणते गवत कुठे उगवते, ते कधी तुऱ्यावर येते आणि कोणत्या भागात चराई थांबवायला हवी, याची नोंद गावाने करावी.