खारपाण पट्ट्यात दुकानं-ऑफिसं बांधताना: दहा गाळ्यांचा हट्ट सोडा

भाऊ, प्रश्न दोनदा वाचला. खारपाण पट्ट्यात, म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खाऱ्या भूजलाच्या भागात, दर्यापूर-अकोट रस्त्याला लागून 60 बाय 90 फुटांचा प्लॉट, खाली दहा दुकानं, वर ऑफिसं, आणि मिस्त्री म्हणतो पाच फूट खोल कॉलम पुरतात. तुम्ही विचारता की दहा गाळे कसे बसवायचे. मी म्हणतो, दहा बसवूच नका. आणि गाळे मोजायच्या आधी जमिनीकडे पाहा.

पहिलं काम रस्त्याचं. गावाबाहेरच्या खुल्या भागात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात इमारत रेषा, म्हणजे जिच्या अलीकडे बांधायचं नाही ती रेषा, रस्त्याच्या मध्यापासून 40 मीटर धरलेली आहे. तुमचा अख्खा प्लॉट 90 फूट, म्हणजे साडेसत्तावीस मीटर खोल, ही रेषा लागू झाली तर जवळपास सगळा तिच्या अलीकडेच येईल. वस्तीत हे अंतर कमी धरतात, पण तुमच्या जागेला नेमकं कोणतं लागू आहे ते सार्वजनिक बांधकामच्या उपविभागातून लेखी घ्या. ते हातात येईपर्यंत नकाशावर एक रुपया घालू नका. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलेलं नाही ना, तेही त्याच दिवशी तलाठ्याकडे पाहून घ्या.

आता माती. यवतमाळकडे काळ्या मातीखाली पाच-सहा फुटांवर मुरूम लागतो आणि मिस्त्रीचं गणित चालून जातं. तुम्ही पूर्णेच्या गाळात आहात. तिथे मुरूम शोधत गेलात तर खड्डा विहिरीएवढा होईल, तरी मुरूम लागणार नाही. ही माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा देते. पाच फुटांवरचा पाया त्या हालचालीच्या ऐन मध्यात बसतो. कोपऱ्यातला एक कॉलम वर उचलला गेला की शटर अडकायला लागतं, मग दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, आणि भाडेकरू तीच भेग दाखवून भाडं कमी मागतो.

यावर उपाय जुना आहे. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी अंडररीम पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, विकसित केले. खाली कांद्यासारखा फुगवटा, त्याचा व्यास पाइलच्या साधारण अडीचपट, आणि खोली किमान साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट. त्याखालची माती वर्षभर फारशी हलत नाही. वरचा बीम मातीवर टेकवायचा नाही, खाली सुमारे आठ सेंटीमीटर पोकळी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलणार नाही. अकोला-अमरावतीत हे काम करणारे ठेकेदार मिळतात. खर्च मिस्त्रीच्या पायापेक्षा जास्त येईल, पण तो इथे कराच. माती तपासून डिझाइन मात्र इंजिनीअरकडून लेखी घ्या.

जोत्याच्या आत पायातूनच निघालेली काळी माती भरतात. मी पाहिलेल्या फरशा उचलल्या जाण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण होतं. मुरूम बाहेरून आणावा लागेल, तो अर्धा-अर्धा फूट थर टाकून, पाणी मारून धुम्मसने बसवा. इमारतीभोवती पाच फुटांची फरसबंदी, तिला बाहेरच्या बाजूला उतार, आणि छपराचं पाणी थेट नालीत. मागच्या भिंतीला टेकून संडासची टाकी किंवा नळाची गळकी तोटी नको. एकाच बाजूची माती बारमाही ओली राहणं सगळ्यात वाईट.

पाण्याचं अजून एक, आणि हे मला फार मनापासून सांगायचं आहे. तुमच्या बोअरचं पाणी खारं असेल. ते काँक्रीटला वापरू नका, तराईलाही (काँक्रीट ओलं ठेवायलाही) नको. आमच्याच एका कामात ठेकेदाराने रात्री बोअरचं पाणी वापरलं, आणि मी तपासायला उशीर केला. सातव्या वर्षी छज्जाचं प्लास्टर गळायला लागलं, आत सळई गंजून फुगलेली. सळईच्या काँक्रीटसाठी भारतीय मानकात क्लोराइडची मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम आहे. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या, नाहीतर सरळ गोड्या पाण्याचा टँकर लावा.

आता गाळे. तुम्ही सहा समोर आणि चार मागे बोळीत आखलेत. बोळीतलं दुकान आपल्याकडे चालत नाही. गिऱ्हाईक मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच दुकान पाहतं. दोन्ही बाजूंचं अंतर सोडून तुमच्याकडे साधारण 44 फूट रुंदी उरेल. त्यात अकरा-अकरा फुटांची तीन दुकानं, तीस फूट खोल, आणि आठ फुटांचा जिना. पुढे सात फुटांची छपरी, तिच्यापुढे पंचवीस फूट मोकळं. ही मोकळी जागा वाया जात नाही. खरिपाच्या तोंडावर कृषी केंद्रासमोर ट्रॅक्टर उभा राहतो, बाजाराच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, आणि ज्याच्यासमोर गाडी लावता येते तिथेच माणूस थांबतो. मागच्या अठ्ठावीस फुटांत गोदाम, माल उतरवायची वाट, आणि भिंतीपासून लांब संडासची टाकी.

कृषी केंद्र आणि किराणा शेजारी देऊ नका, औषधांचा वास पिठाला लागतो. मधल्या गाळ्यात मेडिकल घ्या. तोंड पश्चिमेला असेल तर छपरी आणखी खोल करा. आपण 21 अक्षांशावर आहोत, दक्षिणेचं ऊन छोट्या छज्जाने अडतं, पण मे महिन्यातलं चार वाजताचं ऊन आडवं आत शिरतं आणि काचेचं दुकान तापवून टाकतं.

वरचा मजला आत्ता बांधू नका. पाइल आणि कॉलम दोन मजल्यांचे करा, वरच्या सळया कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवा, आणि खालची दुकानं दोन हंगाम चालू द्या. पतसंस्था, लॅब, वकील, कोचिंग यांपैकी कोणी जागा मागायला आलं की त्यांच्या मापाने भिंती घाला. आधी दहा-बाय-दहाच्या खोल्या पाडून ठेवल्या तर पतसंस्थेला त्या पाडाव्या लागतात. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि त्याचे पाइप मात्र आत्ताच आखा. बँकेला वरचा मजला चालणार नाही. म्हातारी माणसं पेन्शनला येतात.

त्याच माणसांसाठी रॅम्प. जोतं दोन फूट असेल तर एकास बारा उताराने चोवीस फूट लांबी लागते. समोर सरळ काढला तर मोकळी जागा खाईल, म्हणून तो छपरीला समांतर घ्या, चव्वेचाळीस फुटांत आरामात बसतो. हे नकाशात पहिल्या दिवसापासून हवं. नंतर जोडलेला रॅम्प मोटारसायकल चढवण्याइतका उभा होतो आणि व्हीलचेअर त्यावर चढत नाही.

सध्या जून लागायचा आहे. पहिल्या दोन मोठ्या पावसांत प्लॉटवर जाऊन उभे राहा, पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं तिथे खुंट्या ठोका, फोटो काढा. रस्त्याच्या मध्यापासून तुमच्या हद्दीपर्यंतचं अंतरही टेपने मोजा. हे सगळं इथे टाकलंत तर जोत्याची उंची किती ठेवायची ते मी सांगू शकेन.