मोबाईल डायरेक्ट प्लगमध्ये का लावता येत नाही, मध्ये अ‍ॅडॅप्टर कशाला लागतो?

कारण सॉकेटमध्ये असतो एसी करंट, म्हणजे सतत दिशा बदलणारा, देशानुसार 100 ते 240 व्होल्ट, आणि मोबाईलची लिथियम बॅटरी फुल चार्ज झाली तरी साधारण 4.2 व्होल्टच्या आसपास असते, तिला डीसीच, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट लागतो, त्यामुळे डायरेक्ट जोडलं तर फोन जळणारच आणि शॉकही बसेल. अ‍ॅडॅप्टर एसीचा डीसी करतो, व्होल्टेज 5 वर आणतो, फास्ट चार्जिंगवाला असेल तर आधी फोनशी बोलून मगच 9 वगैरे देतो. बॅटरीत किती करंट जाऊ द्यायचा ते मात्र फोनमधलं सर्किट ठरवतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम वेगळंच आहे, आतला छोटा ट्रान्सफॉर्मर मेनलाईन आणि तुमचा हात यांच्यात आड उभा असतो, आणि एकदम स्वस्तातल्या डुप्लिकेट चार्जरमध्ये नेमकं तिथेच इन्सुलेशन कमी केलेलं असतं, म्हणून तसला चार्जर प्लीज वापरू नका.