मैत्रीण खरंच टाळून राहिली की मलाच तसं वाटतं, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलं की मैत्रीण तीन आठवड्यांपासून मेसेज बघते पण उत्तर देत नाही, म्हणजे ती तुम्हाला टाळते, आता बोलावं की सोडून द्यावं. यातलं मेसेज बघणं आणि उत्तर न येणं एवढं घडलेलं आहे. टाळणं हा तुम्ही लावलेला अर्थ, तो बरोबरही असू शकतो, पण अजून अर्थच आहे.

आपल्या मराठीत "वाटतं" हा शब्द दोन्हीकडे चालतो ना, तिथे गडबड होते. मला वाईट वाटतं ही भावना. मला वाटतं ती टाळते, हा अंदाज. पण अंदाजालाही आपण भावनेसारखंच जपतो आणि कोणी त्यावर प्रश्न केला की राग येतो.

मी स्वतः यात वर्षभर अडकली होती. मी इकडे मानेवाड्याला, दादा-वहिनी गोधनीला, दरवर्षी महालक्ष्मीचं जेवण त्यांच्याकडे, आणि एका वर्षी फोनच आला नाही. झालं, दादाला बहीण नकोशी झाली हे डोक्यात पक्कं बसलं, भाऊबीजेलाही गेली नाही, आईजवळ "त्याने मला तोडलं" असंच म्हणायची. मग एका रात्री वहीत लिहून काढलं, पंचनाम्यात कसं फक्त दिसलं तेच लिहितात तसं, तर एकच ओळ निघाली, फोन आला नाही. बाकी सगळं मी जोडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दादाला तेवढंच विचारलं, "महालक्ष्मीला मला फोन नाही आला, काय झालं होतं?" तो जरा वेळ गप्पच, मग म्हणाला, "अगं, आदल्या वर्षी सगळ्यांसमोर तू आंबील पातळ झाली म्हटलं, ते तिला लागलं, नणंद नावं ठेवते म्हणून तिने बोलावलं नाही, अन् मी पण मध्ये पडलो नाही." मी म्हटलं होतं, आठवतं मला. मी एक वाक्य बोलली त्याचा तिने अर्थ लावला, तिने फोन केला नाही त्याचा मी अर्थ लावला, आणि दुखणं दोघींचंही खरं होतं. त्याच संध्याकाळी जाऊन वहिनीची माफी मागितली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास याच पायावर उपचारपद्धती उभी केली, घटना वेगळी, तिच्याबद्दलची आपली समजूत वेगळी आणि त्यातून होणारा त्रास वेगळा. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली, त्यांचं लिखाण मिळालं तर जरूर वाचा.

एक मात्र सांगते, कोणी हात उचलत असेल किंवा पैसे बुडवत असेल तर ती घटनाच आहे, तिथे "माझाच गैरसमज असेल" म्हणत बसू नका.

तुमच्या मैत्रिणीला आज एवढंच टाका, "तीन आठवडे झाले तुझं उत्तर नाही, मला काळजी वाटते, सगळं ठीक आहे ना?" टाळते, बदलली, मुद्दाम करते, यातला एकही शब्द त्यात नको.