पावसात घरात कोंडलेलं पोर

प्रश्न : मुलगी दीड वर्षाची आहे. पावसामुळे अंगण बंद. खेळायला पाण्यात फुगणारे रंगीत मणी मागवू का?
— एक आई, फोंडा

उत्तर : ते मणी मुळीच नकोत. गिळले तर पोटात फुगतात, आतडं अडतं. या वयात हाती येईल ते तोंडात जातंच, म्हणून खाल्लं तरी चालेल असंच काहीतरी द्या.

शिजवून गार केलेला साबुदाणा परातीत ओता. अर्ध्यात चिमूटभर हळद, अर्ध्यात कोकमाचा आगळ. बोटांतून निसटणारा तो बुळबुळीतपणा मुलांना भारी आवडतो. ओतायला नारळाची करवंटी द्या, पण आधी कडा पॉलिश पेपरने घासा आणि शेंड्या काढा. (सासूबाईंना अन्नाचा खेळ खपणार नाही, पण म्हणून उरलेला, किडका साबुदाणा वापरू नका.)

मुलगी तीनेक वर्षांची झाली की दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये एक वाटी पाणी कालवा. मुठीत दाबलं की घट्ट, सोडलं की ओघळतं. हळदीच्या पाण्यात साबणाचा फेस टाकलात तर ते लाल होतं.

पाण्याचा खेळ असेल तेव्हा जागचं हलायचं नाही, फोन वाजला तरी. खेळ संपला की टब लगेच पालथा घाला.