जायची सोय होते, परतीचं काय?

प्रश्न: आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, बहुतेकांकडे गाड्या आहेत. डायलिसिसवर असलेले काही पेशंट गाडीभाडं परवडत नाही म्हणून मधेच एखादा दिवस गाळतात असं कळलं. सुट्टीच्या दिवशी त्यांना नेऊन-आणून सोडायचं ठरवतोय. सुरुवात कशी करावी?

उत्तर: नक्की करा, पण फक्त सुट्टीच्या दिवशी करून भागणार नाही हो. डायलिसिस बहुतेकांना आठवड्यातून ३ वेळा असतं, दर वेळी साधारण ४ तास, आणि एक दिवस जरी गाळला तरी अंगात पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून जिवावर बेततं. म्हणून दहा जणांना अधूनमधून नेण्यापेक्षा एक-दोघंच घ्या पण त्यांचे तिन्ही दिवस सांभाळा, आणि ज्याची पाळी आहे तो आलाच नाही तर कोण जाणार हे आदल्या दिवशीच ठरलेलं असू दे.

आणि परतीचं आधी बघा. जाताना माणूस कसाबसा बस पकडून पोचतो, खरे हाल येताना होतात. मशीनवरून उठल्यावर बीपी उतरलेलं असतं, चक्कर येते, पायात गोळे येतात, सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत बसून राहावं लागतं, त्यामुळे अमुक वाजता सुटणार असं कुणी सांगूच शकत नाही. अशा माणसाला टू-व्हीलरवर मागे बसवून आणू नका प्लीज. ज्याला तासभर मागेपुढे झालेलं चालतं त्यालाच परतीची ड्युटी द्या.

दोन पेशंट एकाच भागातले असतील तर दोघांना एकाच शिफ्टला घेता येईल का हे युनिटमधल्या सिस्टरना विचारा, एका फेरीत काम होतं. हॉस्पिटलात सोशल वर्कर असेल तर त्यांना भेटाच, खरी गरज कुणाला आहे हे त्यांना माहीत असतं आणि पेशंटला तुमच्यापुढे आपली गरिबी सांगत बसावं लागत नाही.

ज्या दिवशी गाडी जमणार नाही त्या दिवशीचं भाडं आधी हातात द्या. बिल आणा मग देऊ, हे ज्याच्याकडे आज पैसेच नाहीत त्याच्या काय कामाचं? इंग्लंडमध्ये एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, कमी उत्पन्नवाल्यांसाठी प्रवासखर्चाची योजना आहे, पण तिथेही बऱ्याचदा आधी स्वतः खर्च करून मग पैसे परत मागावे लागतात. अमेरिकेत मेडिकेडमध्ये, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेत मात्र पेशंटची ने-आण ही योजनेचाच भाग आहे, मला तर हेच बरोबर वाटतं, पोचताच आलं नाही तर फुकट उपचार असून उपयोग काय.

पुढे कॅन्सरच्या पेशंटनाही नेणार असाल तर रेडिएशनचं गणित वेगळं, ते बहुतेक वेळा आठवड्यातले ५ दिवस आणि काही आठवडे सलग चालतं, लांबून येणाऱ्याला तेवढे दिवस हॉस्पिटलजवळ राहायची सोय करून दिलेली बरी. केमोवाल्यांची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, तेव्हा सर्दी-खोकला असलेल्याने त्या दिवशी गाडी चालवायला जाऊ नये. आणि दम लागलाय, छातीत दुखतंय असा फोन आला तर तुमची गाडी काढू नका, सरळ अँब्युलन्स बोलवा.